प्रदर्शनाच्या अक्षता

"नवरीची खोली कुणीकडं हाय वं बाई?"

रविवारी सकाळी आमच्या म्युझियमच्या दारात काठापदराची साडी नेसलेल्या एका बाईंनी मला विचारलं. त्यांच्या हातात लाल रिबीन बांधलेला नवाकोरा स्टीलचा डबा होता. मागे टेम्पोतून आणखी बायका उतरत होत्या. त्याच्या मागे दुसरा टेम्पो होता, त्यातून कडक इस्त्रीचे शर्ट घातलेले पुरुष उतरत होते.

मी हिंगोलीतल्या एका छोट्या कलासंग्रहालयात असिस्टंट क्युरेटर आहे. क्युरेटर म्हणजे वस्तू निवडायच्या, मांडायच्या आणि त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायच्या. यात माणसांशी फार बोलावं लागत नाही, असा माझा समज होता. खरं सांगायचं तर त्यासाठीच मी हे क्षेत्र निवडलं. त्या दिवशी वरच्या हॉलमध्ये वाकळांच्या, म्हणजे जुन्या साड्या-धोतरांच्या गोधड्यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. लग्न कोणाचंच नव्हतं.

"तुम्ही प्रदर्शनाला आलात ना?"

"लग्नाला आलो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला ओळखलं. "अगं, नवरी तर तूच! अक्षता तूच देऊन गेलीस न्हवं?"

मी मान हलवली, हॉलमध्ये गेले आणि टांगलेल्या एका मोठ्या वाकळीमागे जाऊन उभी राहिले. काय झालं होतं ते तिथे उभं राहून हळूहळू लक्षात येत गेलं.

आमच्या आधीच्या कार्यक्रमाला, जलरंगांवरच्या व्याख्यानाला, वक्ते आले होते, त्यांच्या पत्नी आल्या होत्या आणि स्पर्धा परीक्षेची दोन मुलं आली होती. मुलं कूलरसाठी आली होती. त्यानंतर ट्रस्टींनी सांगून टाकलं, पुढच्या उद्घाटनाला हॉल भरला नाही तर तो कोचिंग क्लासला द्यायचा. हॉल गेला की प्रदर्शनं गेली, आणि प्रदर्शनं गेली की मी.

"फूटफॉल दाखव," आमचे संचालक कदम सर म्हणाले. फूटफॉल म्हणजे किती पावलं आत आली. "क्लासवाला बेंच घेऊन तयार बसलाय."

"ग्रुपवर पोस्टर टाकलंय, सर."

"मग?"

"अंगठे आलेत."

"अंगठे आले. पाय कधी येणार?"

वाकळा कळमनुरी रोडवरच्या एका गावातून लोनवर आणल्या होत्या. आमच्याकडे उसनवारीला लोन म्हणतात. गावातल्या गयाबाईंनी घरोघर फिरून त्या जमवून दिल्या होत्या. ज्यांच्या वाकळा त्यांनी तरी बघायला यावं, म्हणून मी स्वतः जाऊन बोलवायचं ठरवलं. हातात काहीतरी 'लोकल' असावं असं वाटलं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाला हे असं अधूनमधून वाटतं. मी कागदाच्या छोट्या पुड्यांत हळद लावलेले तांदूळ भरले. फोटोत पिवळा रंग फार सुंदर आला. अक्षता लग्नात डोक्यावर टाकतात, एवढं मला माहीत होतं. त्या घरी नेऊन दिल्या तर काय होतं, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारण्यासाठी बोलावं लागतं.

गयाबाई तेव्हा लेकीकडे वसमतला गेल्या होत्या. मी एकटीच दारोदार फिरले. पुडी हातात द्यायची, "रविवारी म्युझियममध्ये या, सगळे या," असं जमिनीकडे बघत म्हणायचं आणि निघायचं. "चहा घेऊन जा की," असं प्रत्येक दारात म्हणत होते. मी "नको, नको" म्हणत पुढचं घर गाठत होते. एकीनं विचारलं, "काहून इतकी लाजतीस?" आणि ओसरीवरच्या सगळ्या हसल्या. एका आजींनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लई गुणाची हाय," म्हणाल्या. मला वाटलं, माझ्या कामाचं कौतुक आहे.

"ही माझ्या सासूची वाकळ हाय," वाकळीच्या पलीकडून आवाज आला. "भाईर ये."

गयाबाई होत्या. मी बाहेर आले.

"काल वसमतहून आले, तर समदं गाव म्हनून राहिलं, म्युझियमच्या पोरीचं लगीन. मी म्हनलं, वाकळा जमवायला मी, अन् लग्नाचं मलाच सांगनं न्हाई?"

"लग्न नाहीये, गयाबाई."

"मंग अक्षता काहून वाटल्यास?"

"छान दिसतात म्हणून."

गयाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मुलाखतीत इतकं निरखून मला कोणी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचे दीर विठोबा पुढे आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "चेष्टा लावली का? घरच्या चुली बंद ठेवून आलोत आमी. चला रे, आपापल्या वाकळा सोडा अन् वापस निघा." आणि ते खरंच एका वाकळीची दोरी सोडायला लागले.

गडबड ऐकून कदम सर धावत आले. त्यांनी डबे पाहिले, साड्या पाहिल्या, मला पाहिलं.

"तुझं? कोणाशी?"

"कोणाशीच नाही, सर."

"मग ठीक," सर म्हणाले. मग त्यांना सुटत चाललेली दोरी दिसली. "ठीक नाही. बोल त्यांच्याशी. तूच बोलावलंयस."

वाकळा टांगायची शिडी तिथेच होती. मी तिच्या दुसऱ्या पायरीवर चढले. आवाज पहिल्यांदा आलाच नाही. दुसऱ्यांदा आला तो इतका मोठा, की मीच दचकले.

"लग्न नाही! मला अक्षतांचं माहीत नव्हतं. चूक माझी आहे. पण जेवल्याशिवाय जाऊ नका!"

शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते कुठून आलं, मला अजून कळलेलं नाही.

"काय जेवणार?" सर खालून कुजबुजले. "आपल्याकडे चहा आणि मारी बिस्किटं आहेत."

मग त्या बोटं मोडणाऱ्या आजी खदखदून हसल्या. "लगीन न्हाई तं न्हाई. जेवन हाय म्हनती ना लेकरू? ए विठोबा, ऱ्हाऊ दे ती दोरी. शिधा आन."

विठोबांनी दोरीवरचा हात लगेच काढला नाही. "भांडी कुठंयत?" त्यांनी विचारलं. तेव्हा मला वाटलं, आपण वाचलो.

मंडपवाल्याकडून पातेली आली. गल्लीतल्या किराणा दुकानातून तांदूळ आणि तूरडाळ सरांनी स्वतः उचलून आणली. मागच्या अंगणात बायकांनी पदर खोचले.

आमच्या क्षेत्रात एक मोजमाप असतं: माणूस एका वस्तूसमोर किती वेळ थांबतो. साधारणपणे तो फोन काढतो, फोटो घेतो आणि पुढे सरकतो. त्या दिवशी भात शिजेपर्यंत कोणालाच कुठे जायचं नव्हतं. मी जागोजागी 'कृपया स्पर्श करू नये' असं लावलं होतं. त्या पाट्यांदेखत सगळ्या वाकळा उलट्या करून मागचे टाके तपासले गेले.

"ही चौकडी माझ्या मायच्या लुगड्याची."

"कशाची तुझ्या मायची! हे आमच्या मावशीचं. तुझ्या मायनं मागून नेल्तं, दिलंच न्हाई."

भांडण रंगलं. ऐकायला जलरंगांच्या व्याख्यानापेक्षा जास्त गर्दी होती. एका तरुण आईनं प्रदर्शनातली सगळ्यात चांगली वाकळ सरळ खाली काढली, कोपऱ्यात अंथरली आणि बाळाला तिच्यावर निजवलं. मी नको म्हणायला गेले, तोवर बाळ झोपलं होतं. शेवटी वाकळीचं लेबल काढून मी बाळाच्या उशाशी लावलं. लेबल वस्तूजवळच असायला हवं, हा नियम आहे.

ट्रस्टी आले तेव्हा डाळीला फोडणी बसत होती. दारात उभं राहून त्यांनी भरलेला हॉल पाहिला.

"हे सगळे प्रदर्शनाला आलेत?"

"हो," कदम सर म्हणाले. "सहकुटुंब."

ट्रस्टींनी फीत कापायला कात्री उचलली, तशा गयाबाई पुढे झाल्या. "थांबा. अक्षता पदराला बांधून आनल्यात. त्या काय वापस न्यायच्या?" आणि फीत कापली जाताच सगळ्या हॉलनं अक्षता उधळल्या. थोड्या वाकळांवर पडल्या, थोड्या ट्रस्टींच्या टकलावर. जास्त माझ्यावर.

हॉल आमच्याकडेच राहिला. कोचिंग क्लासनं दुसरी जागा पाहिली. आहेर मात्र कोणी परत घेतला नाही. "ठेव. लागंल कवातरी," म्हणून माझ्या ऑफिसच्या कपाटात आता डबे आणि ब्लाउजपीस आहेत. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. वसमतच्या मामींकडून तिला अभिनंदन पोचलं होतं. "निदान मला तरी कळवायचंस," एवढंच ती म्हणाली.

परवा पुढच्या प्रदर्शनाचं सांगायला मी पुन्हा त्या गावात गेले. हातात काहीही नेलं नाही. पहिल्याच दारात त्या आजी भेटल्या. चहा घे म्हणाल्या. या वेळी मी थांबले.

"या बारीला जेवन हाय, का नुसतंच बघायचं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मान हलवून सुटणारा नव्हता. मी कप खाली ठेवला आणि बोलायला सुरुवात केली.