हळूच सांगितलेला शब्द

साखरखेर्ड्याला बसस्टँडच्या अलीकडे अकीलचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याच अर्ध्या भागात पडदा टाकून त्याची बायको समीना ऑनलाइन सेंटर चालवते. सेंटर म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक बाक आणि दिवसभराचा गलका. नवरा इकडे पंक्चर काढतो, बायको तिकडे सातबारा काढते.

लोक तिच्याचकडे यायचे त्याला कारण होतं. सरकारी साइटवर खाती उघडताना बाकीचे सेंटरवाले सगळ्या गावाला एकच पासवर्ड वाटून मोकळे व्हायचे. समीनाला ते पटत नसे. ज्याचं खातं त्याचाच शब्द, असा तिचा हट्ट. ती माणसाला टेबलापाशी बोलवायची, बाकावरच्यांना तोंड तिकडे करायला लावायची आणि म्हणायची, जो शब्द तुम्ही मरेपर्यंत विसरणार नाही तो हळूच सांगा. माणसं आधी हसायची, मग टेबलावर वाकून काहीतरी पुटपुटायची. कुणी बैलाचं नाव सांगे, कुणी शेतातल्या विहिरीचं. पासवर्डला लागणारे पुढचे आकडे ती सगळ्यांना सारखेच जोडून द्यायची. एका म्हाताऱ्याला तर शब्द सांगताना रडू आलं होतं.

"मी लिवते अन् इसरून जाते," ती प्रत्येकाला सांगे. "ध्यानात ठेवाचं काम मशीनचं."

यातली मशीनची गोष्ट खरी होती. ब्राउझर विचारायचा, पासवर्ड सेव्ह करू का, आणि ती हो म्हणायची. विसरण्याची गोष्ट मात्र साफ खोटी होती. समीनाला लहानपणापासून ऐकलेलं काही विसरताच येत नसे. गावातल्या निम्म्या माणसांच्या मनातला एकेक शब्द तिच्या डोक्यात बसला होता, आणि ती रस्त्याने जाताना तो चेहऱ्यावर येऊ न देता सलाम-नमस्कार करत होती. हे अकीललाही ठाऊक नव्हतं.

ईदला तिचा भाचा मुजम्मिल औरंगाबादहून आला. तो तिथे मोबाइलच्या दुकानात कामाला. हुशारी दाखवायची खुमखुमी भारी. त्याने तिच्या कॉम्प्युटरवर कुठलीशी यादी उघडली आणि डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारली. काळे ठिपके गेले आणि एका माणसाचा शब्द उघडा पडला. दुसऱ्यावर मारली, दुसऱ्याचा. समीनाने झटकन पडदा ओढून घेतला. इथे बसेल तो कुणीही हे बघू शकतो? लोकांनी अमानत म्हणून ठेवायला दिलेली गोष्ट, आणि आपण ती रस्त्यावर मांडून बसलो होतो. मुजम्मिल काही सांगत होता, ते तिने ऐकूनच घेतलं नाही. त्याच दिवशी तिने सगळे शब्द पुसले. नंतर ब्राउझरने पहिल्यांदा विचारलं तेव्हा रागाने ‘नेव्हर’वर, म्हणजे कधीच नको यावर, बोट दाबलं. त्यानेही पुन्हा कधी विचारलं नाही.

त्याच वर्षी कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली. बीटी बियाण्याला अळी लागत नाही म्हणून लोक बिनघोर होते. बोंडं बाहेरून हिरवीगार, फोडलं की आत अळी आणि सडका कापूस. पंचनामे झाले, आणि नुकसानीचा अर्ज ज्याने त्याने आपल्या खात्यातून ऑनलाइन भरावा असं ठरलं. भरता भरता शेवटचा दिवस उजाडला.

त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साइट अर्धा अर्ज भरेपर्यंत चालायची आणि बाहेर फेकून द्यायची. फेकलं की पासवर्ड पुन्हा. आधी तो मशीनमध्ये असायचा, आता प्रत्येकाला पुन्हा विचारायचा. एकदा हळूच सांगायचा शब्द माणसं चारचौघांत ओरडून सांगू लागली. निम्म्यांना तर आठवेच ना, आणि समीनाला आठवत असूनही बोलता येईना. वर साइटचा नियम असा की तीनदा चुकलं तर खातं दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. दुसऱ्या दिवशी खातं उघडून काय त्याची आरती करायची?

समीनाने शेवटी मुजम्मिलला फोन लावला. तो आधी हसला, मग तिचा आवाज ऐकून सरळ झाला. आधी कॉम्प्युटरलाच कुलूप घाल, म्हणाला, म्हणजे तो डोळा तुझ्या स्वतःच्या पासवर्डशिवाय उघडणार नाही. हेच मी ईदला सांगत होतो, तू ऐकलं नाहीस. मग सेटिंगमध्ये पासवर्डच्या पानावर अगदी तळाला जा, तिथे तू ‘नेव्हर’ म्हटलेल्या साइट असतील. समीनाने कुलूप घातलं, तळाला गेली. त्या साइटचं नाव तिथे तोंड फुगवून बसलं होतं. तिने पुढची फुली दाबली, नाव गेलं. बाकावरच्या जनकाबाईचा शब्द टाकला, आणि वरच्या कोपऱ्यात तो जुना प्रश्न पुन्हा उगवला. सेव्ह करू का? समीनाने हो म्हटलं. आता साइटने कितीदा फेकलं तरी शब्द आपोआप भरला जात होता. रांग सरकू लागली.

ऊन कलल्यावर शंकररावांना ऑटोतून आणलं. पोळ्यानंतर त्यांना लकवा मारला होता, उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. खातं त्यांच्या नावावर, तेव्हा त्यांचं तोंड बघितल्याशिवाय मशीन उघडणार नाही, असं त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, ठरवून टाकलं होतं. दोघांनी धरून त्यांना अकीलच्या स्टुलावर बसवलं. खात्याला जोडलेलं सिम रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलं होतं, त्यामुळे नवा शब्द घ्यायला लागणारा ओटीपी येण्याचा रस्ता नव्हता. आणि त्यांचा शब्द समीनाने ईदलाच पुसून टाकला होता.

कौशल्याबाई म्हणाल्या, बैलाचं नाव असेल, सर्जा. समीनाला ठाऊक होतं, तो शब्द हा नाही. तरी तिने टाकलं, कारण ठाऊक आहे असं दाखवायचं नव्हतं. चुकलं. कौशल्याबाईंनी पोराचं नाव सांगितलं. तेही चुकलं. शंकरराव काहीतरी बोलू पाहत होते, पण घशातून नुसता घरघर आवाज येत होता.

एकच संधी उरली होती. कौशल्याबाई आता कुलदैवताकडे वळल्या होत्या. समीनाला तो दिवस लख्ख आठवत होता. शंकरराव टेबलावर वाकले, बाहेर पायरीवर बसलेल्या बायकोकडे चोरून बघितलं, आणि चांगले लाजून म्हणाले, वेणू.

वेणू कोण, हे समीनाला माहीत नव्हतं. गावात त्या नावाची बाई नव्हती. जे काही असेल ते त्या माणसाचं होतं. आता हा शब्द टाकला तर ती सगळं लक्षात ठेवते हे उघडं पडणार, आणि उद्यापासून कोण तिच्याजवळ तोंड उघडेल? वर कौशल्याबाईंनी विचारलं तर काय सांगायचं? आणि नाही टाकला तर या दोघांचं वर्षभराचं शेत कागदावरही मातीत जाणार. तिला स्वतःचाच राग आला. दोन संधी तिने आपली अब्रू राखायला जाळल्या होत्या.

कौशल्याबाई देवाचं नाव सांगत होत्या. समीनाने ते ऐकलं आणि दुसरंच लिहिलं. खातं उघडलं.

जनकाबाईची नजर तिच्या बोटांवर होती. "बाईनं सांगतलं येक, तू लिवलं दुसरंच," ती म्हणाली. "मंग आमचेबी ध्यानात असतीन तुह्या."

समीनाने मान खाली घातली. "हाव," ती म्हणाली. "समद्यायचे हायेत. कोनाले सांगतले नाहीत."

ब्राउझर विचारत होता, सेव्ह करू? तिने हो म्हटलं. पुढच्याच घटकेला साइटने बाहेर फेकलं, पण ठिपके आपोआप भरले गेले, आणि या खेपेस अर्ज शेवटपर्यंत गेला. प्रिंटर घरघरला, पावती बाहेर आली. सगळ्यांच्या डोळ्यांत तोच हिशोब चालला होता की आपण हिला काय सांगून बसलो.

कौशल्याबाईंनी पावती घेतली, पण हलल्या नाहीत. "देवाचं नवतं तं मंग काय होतं, बेटा?"

"मले नाही सांगता येनार, काकू. ते काकायचं हाय."

"माह्या नवऱ्याचं हाय अन् मले नाही सांगता येत?"

समीनाने शंकररावांकडे बघितलं. त्यांनी डावा हात स्टुलावर दाबला, मानेच्या शिरा ताणल्या आणि ओठ कसेबसे जवळ आणले. पहिल्यांदा नुसता वारा आला. दुसऱ्यांदा बाकापर्यंत ऐकू गेलं.

"वेनू."

जनकाबाईने पदर तोंडाला लावला. आता इथे महाभारत होणार म्हणून अकील हातातली ट्यूब टाकून पुढे आला. कौशल्याबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला.

"माह्यं नाव हाय ते," त्या हळूच म्हणाल्या. "माहेरचं. लग्नात तांदुळावर दुसरं लिवलं, तवापासून कौशल्या." थोडं थांबून म्हणाल्या, "यायनं तं कंदी कौशल्याबी म्हनलं नाही. अवो, आयकलं का, येवढंच."

बाकावर कुणीतरी नाक ओढलं. समीनाला हसू आणि रडू एकदमच आलं. दोन वर्षं तिने त्या वेणूला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. जनकाबाई उठली, टेबलापाशी आली आणि तिने समीनाच्या हातावर आपला हात ठेवला.

ऑटोवाला बाहेर हॉर्न वाजवू लागला. दोघांनी शंकररावांना उचललं. कौशल्याबाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"मशीननं ठेवलं का ते?" त्यांनी विचारलं.

"ठेवलं, काकू. कुलपात हाय."

"मंग राहू दे. भाऊ गेला तवापासून त्या नावानं हाक मारनारं कोनी नाही राह्यलं," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याशेजारी जागा करून ऑटोत बसल्या.