पांढऱ्या पायाची घोडी

प्लास्टिकचा घोडा दिसला की माझे हात शिवशिवतात. धारूरच्या बाजारात खेळण्यांच्या ढिगात तो पडलेला असतो, पाय ताठ, डोळे बटाट्याएवढे, अंगावर गुलाबी ठिपके. असा घोडा असतो का कुठं? मी तो घरी आणते, गरम पाण्यात बुडवून पाय वाकवते, पुट्टी लावून मांड्या-खांदे भरते, पॉलिश पेपरनं घासते आणि बारीक कुंचल्यानं रंगवते. आयाळ रेशमी दोऱ्याची. माझं वय सेहेचाळीस, नोकरी शाळेत कारकुनाची. नवरा विचारतो, "झाली का भातुकली सुरू?" विचारू दे. शोकेसमध्ये त्याच्या क्रिकेटच्या ढालींपुढं माझे एकतीस घोडे उभे आहेत, ढाली आता दिसतच नाहीत.

एका रविवारी गल्लीतले घोडीवाले चाचा दारात आले. त्यांची लाल घोडी वरातीला तालुकाभर जायची. पण चाचांची कंबर धरली, नवरदेवही उघड्या जीपमधून मिरवायला लागले. शेवटी चाची दिंद्रुडला माहेरी गेलेली असताना चाचांनी घोडी विकून टाकली. तिला न विचारता! चाची परत आली, रिकामा खुंटा बघितला आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद.

"पाच हप्ते झाले, बेटा. टायमावर भाकर मिळती, पर बोल मिळत न्हाई. तिच्यासाठी आपली घोडी बनवून दे. हुबेहूब."

"फोटो आणा," मी म्हणाले.

त्या फोटोंची तर गंमतच. गल्लीतल्या निम्म्या लग्नांच्या अल्बममध्ये ती घोडी आहे, पण सगळी एकातही नाही. कुठं नुसते कान, कुठं नवरदेवाच्या बुटामागं पोट, कपाळावर झालर, पाठीवर जरीची झूल. फोटोग्राफरला मेल्याला नवरदेवाचंच कौतुक! मी सात घरं फिरले, सात घरचा चहा प्याले. उरलेलं चाचांनी सांगितलं. डोळे मिटून, हवेत हात फिरवत सांगायचे. कानांची टोकं काळी. नाकावर मोरकीचा दोर घासून केस गेलेले. शेपटी लांब, शेवटाला भुरकट.

पाय मात्र एकाही फोटोत नव्हते. चारही पायांना लाल मखमल बांधलेली.

"मागचा एकच पाय पांढरा हाय," चाचा हळू आवाजात म्हणाले. "असली घोडी लोक अपशकुनी मानत्यात. नवरदेव बसलाच नसता. मंग चाचीनं मखमल शिवली. ही गोष्ट आमा दोघांलाच ठाऊक."

"मागचा कोणता?"

"डावा." या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

तीन रविवार गेले. एवढी चांगली घोडी मी आधी केली नव्हती, खोटं कशाला बोलू. कापडात गुंडाळून त्यांच्या घरी नेली. चाची तांदूळ निवडत होती. मी घोडी तिच्यापुढं ठेवली, चाचा दाराशी उभे. तिनं घोडी उचलली, नाकावरच्या घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले. मग तिनं घोडी वळवली.

"बेटा, हा पाय कोन सांगितला?"

मी चाचांकडं बघितलं. झालं!

"दिमाग ठिकाने पे है क्या जी तुमारा? बारा साल घोडी पाली, पैर याद नहीं?"

आणि जी सुरू झाली! पायावरून विकण्यावर, विकण्यावरून न विचारण्यावर, तिथून कंबरेवर, आणून ठेवलेल्या आणि न घेतलेल्या गोळ्यांवर. चाचा खाली मान घालून उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं बोलून झाल्यावर तिनं माझ्याकडं मोर्चा वळवला. "आत्ताच्या आत्ता नीट कर."

रंगाचा डबा पिशवीतच होता. डावा पाय लाल केला, उजवा पांढरा. तिनं घोडी पोटाशी घट्ट धरून ठेवली होती. "घोट्याच्या वर जाऊ नको. हां, तेवढंच." मग घोडी कोनाड्यात ठेवून, तोंड भिंतीकडं झालं म्हणून पुन्हा वळवून, ती स्वयंपाकघरात गेली. चाचा कंबरेवर हात ठेवून उंबऱ्यावर टेकले.

"चाचा, एक पाय धड सांगता आला नाही?" मी दबक्या आवाजात कडाडले. "माझी काय अब्रू राहिली?"

"बेटा, बारा वर्सं त्या पायाला मखमल मीच बांधली. मी इसरंन व्हय?"

"मग डावा कावून सांगितला?"

"घोडी बरोबर आली असती तर ती रडली असती, कोनाड्यात ठेवली असती, अन् पुन्हा गप. चूक दिसली की मात्र तिला बोलल्याबिगर ऱ्हावत न्हाई. चाळीस वर्सं बघतोय मी."

मला लई राग आला. मुद्दाम चुकीचा पाय रंगवून घेतला माझ्याकडून! चांगलं सुनावणार होते, तेवढ्यात आतून आवाज आला.

"अजी, चाय लेते क्या?"

चाचा ताडकन उठले. कंबरेवर हात ठेवायचंही विसरले. "लेता ना," ते म्हणाले. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.