तीन मजली केक आणि आबांचा देव

"सुरी खाली ठेव, पोरी," आबा म्हणाले आणि डीजेवाल्यानं गाणं बंद केलं.

डोंगरकडा गावातल्या एका मंगल कार्यालयात रिसेप्शन चाललं होतं. स्टेजवर नवरी वर्षा, तिच्या हातात सुरी, समोर माझा तीन मजली केक. आबा म्हणजे नवरदेवाचे थोरले चुलते. उभा जन्म मेंढरांमागं फिरलेले, आणि त्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच. मी वसमतची. लग्नाचे केक करते आणि केक कापायचा सगळा कार्यक्रमही बसवून देते. कोण कुठं उभं राहणार, धूर कधी सोडायचा, फोटो कोणत्या बाजूनं घ्यायचा. मिनिटामिनिटाचा प्लॅन माझ्या मोबाइलमध्ये होता. त्यात आबा नव्हते.

"काय झालं, आबा?" मी स्टेजवर चढले.

"देवाला निवद दाखवला का? घरात नवी चीज आली की पयली देवाला, मंग माणसाला. ह्यो केक आमच्या घरात पयल्यांदाच येऊन राहिला. बराबर हाय का न्हाई?"

बरोबर तर होतंच. "इथंच देवाच्या फोटोसमोर दाखवला तर?"

"काहून? देव काय लांब हाय? वस्तीवर बिरोबा हाय. तीन किलोमीटर."

मे महिना, संध्याकाळचे सात, हॉलचे कूलर गरम हवा फेकत होते. असल्या उकाड्यात केकवरचं क्रीम अर्धा तास टिकलं तरी नशीब. त्यातली वीस मिनिटं संपली होती.

वर्षा नर्स आहे. हा केक तिनं स्वतःच्या पगारातून सांगितला होता, कारण तिच्या माहेरी कधी कुणाच्या वाढदिवसालाही केक आला नव्हता. आता कापला तर पहिल्याच दिवशी सासरी देवाआधी खाणारी ठरणार. थांबली तर केकचा लगदा. तिनं सुरी ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. मला स्वतःचाच राग आला. हे आधी विचारायचं काम माझंच होतं.

मग सुचलं. केकच्या एका मजल्याला आम्ही टियर म्हणतो. प्रत्येक टियर आपापल्या पुठ्ठ्यावर असतो, आणि वरचा खालच्यात रुतू नये म्हणून आत प्लास्टिकच्या नळ्या रोवलेल्या असतात. त्यामुळं वरचा टियर न कापता अख्खा उचलता येतो.

"आबा, सगळ्यात वरचा देवाला चालंल?"

"शिखरच की ते. चालंल."

खालचे दोन टियर सुटे करून हॉलबाहेरच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये सारले. आबा माझ्या स्कूटीवर मागं बसले, टियर त्यांच्या मांडीवर, पुढं रस्त्यावर नुसती खडी.

"हळू, ताई. कोकरू धरल्यावानी धरलंय."

देवळात त्यांनी केक ठेवला, भोवती पाणी फिरवलं, डोकं टेकलं. मला घाई. त्यांना मुळीच नाही.

"आबा, वितळून राहिलंय!"

"वितळू दे. देव जेवून राहिला."

परत आलो तेव्हा टियर एका अंगाला कलला होता आणि क्रीमचे दोन गुलाब आबांच्या धोतरावर होते. तो परत खालच्या दोघांवर चढवून मी सरळ करायला गेले, तर वर्षानं हात धरला. "राहू द्या, ताई. देवाकडून आलाय, तसाच असू द्या."

माझ्या प्लॅनमध्ये पहिला घास नवरदेवाचा होता. तो आ करून उभाच राहिला. वर्षानं पहिला तुकडा आबांना भरवला. त्यांनी सावकाश चावला. सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

"गोड हाय," ते म्हणाले. "पर पेढ्याची सर न्हाई." आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढं केला. वर्षा हसता हसता रडायला लागली.

तेव्हापासून ऑर्डर घेताना फ्लेवर आणि वजन नंतर. आधी विचारते, देव कुठं आणि रस्ता कसा? परवा आमच्याकडच्याच गोरेगावचा एक नवरदेव म्हणाला, "देव घरातच हाय, ताई. पर मामा रुसून बसलेत."

मी मामांच्या नावानं एक टियर वाढवला.