काळ्या जिभेचा शेवटचा वळसा

सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून घरी आले, तर माझी मोठी जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "पोटुशी असून कारखान्यात रंगाच्या लॅबमध्ये उभी राहत होतीस ना? मग आणखी काय होणार!" तिच्या जिभेला हाड नाही हे ठाऊक होतं, पण त्या दिवशी मनापासून म्हटलं, झडो ती जीभ. तेव्हापासून घास घशाखाली उतरेना.

आम्ही तेव्हा जर्मनीत, इंगोलश्टाटला राहायचो. वरच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या काल्मिक बाई होत्या. रशियातल्या व्होल्गा नदीकडचे, बुद्धाला मानणारे हे लोक. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे आईवडील म्युनिकला आले. आईकडून त्यांना काळी जीभ कापण्याची विद्या मिळाली होती. लोकांचं वाईट बोलणं माणसाला आवळून धरतं, ते कापून काढायचं. आपण मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढतो, त्यातलंच. माझं उतरलेलं तोंड बघून त्यांनीच मला वर बोलावलं.

"कोण बोललं?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं. मी सांगितलं. काळ्या-पांढऱ्या लोकरीची पीळदार दोरी त्यांनी माझ्या गळ्याखांद्यांभोवती गुंडाळली आणि काहीतरी पुटपुटत सुरीने तिचे तुकडे करायला लागल्या. काय सांगू, छाती खरंच मोकळी होत गेली! शेवटचा वळसा उरला तेव्हा त्या थांबल्या.

"हा तुझा. तू तिला दिलेले शाप. हेही कापायचे."

"हा नाही," मी म्हटलं.

"मग तो तुलाच आवळेल."

"आवळू दे!" तो तुकडा मुठीत घेऊन मी खाली आले आणि मसाल्याच्या डब्याखाली ठेवून दिला. त्या दिवशी पोटभर जेवले.

काही वर्षांनी जाऊ माझ्या स्वयंपाकघरात बसून रडत होती. "अगं, पोरगी त्या जर्मन मुलाकडे राहायला गेली आणि मराठी मंडळातल्या बायका मलाच नावं ठेवतात. झोप उडालीय गं माझी. तुझ्या त्या वरच्या बाईंकडे मला घेऊन चल ना." जर्मन तिला जेमतेम यायचं. मी सोबत गेल्याशिवाय तिचं काही चालणार नव्हतं. बाईंनी मात्र तिला नाही म्हटलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं.

"त्या गेल्या, वहिनी. मुलीकडे, म्युनिकला."

तेवढ्यात वर सपाता घासत कुणीतरी खिडकीपर्यंत गेलं. आम्ही दोघींनी छताकडे पाहिलं.

"त्याच ना?" तिने विचारलं.

"हो, त्याच."

"मग मला का नाही नेत?"

इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य मी तिला परत केलं. "तुमच्याच हाताखाली वाढली ना पोरगी? मग आणखी काय होणार!"

ती पर्स उचलून निघून गेली. मी पान वाढून घेतलं. पहिला घास घशात अडकला. त्यावर पाणी प्यायले आणि पानातलं सगळं संपवलं.