चेट्टी अण्णांची तेविसावी बोट

धनपालन चेट्टी साखर कारखान्यातून निवृत्त झाले, त्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की आता आपण एक जुनी स्की-बोट घेणार. टाळ्या पडल्या. छत्तीस वर्षं बॉयलरच्या धगीत काढलेल्या माणसाला समुद्राची हवा खावीशी वाटली, तर त्यात नवल काय? पण त्यांच्या बायकोने, कोगी अक्कांनी, तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या अट घातली. बोट कितीही जुनी असू दे, खवळलेल्या पाण्यात नीट चालणारी हवी. इतक्यात कुंकू पुसायची आपली तयारी नाही.

अण्णांनी ही अट इतकी मनावर घेतली, की पुढची चार वर्षं बोट घेतलीच नाही.

हे मला सगळं ठाऊक आहे, कारण इथे दक्षिण आफ्रिकेत, रॉकी बेच्या किनाऱ्यावर, बोटवाल्यांच्या क्लबचा ट्रॅक्टर मी चालवतो. नावात स्की असली तरी आमच्या बोटींमागे कुणी पाण्यावर घसरत नाही. ही मागे दोन इंजिनं लावलेली मासेमारीची उघडी बोट. मी ती ट्रॅक्टरने पाण्यात ढकलतो, तांडेल दोन लाटांमधली उसंत बघून सुसाट बाहेर पडतो, आणि परत येताना एखाद्या लाटेच्या पाठीवर बसून बोट सरळ वाळूवर चढवतो. कोण कुणाबरोबर गेलं आणि काय घेऊन परतलं, ते माझ्या नजरेतून सुटत नाही.

बोट विकायची आहे असं कुठे ऐकलं, की अण्णा आधी मालकाच्या अंगणात हजर. इंजिनं टांगायची मागची फळी ते बोटाच्या पेराने ठोकून बघायचे, कान लावून, कलिंगड घेताना ठोकतात तशी. आतलं लाकूड कुजलं असेल तर आवाज बद्द येतो. मग बोटीच्या पोटाचं झाकण उघडून त्यात डोकं घालायचे आणि बराच वेळ वास घेत राहायचे. तोपर्यंत मालकाला वाटायला लागायचं, आपल्या बोटीला काहीतरी दुखणं आहे आणि घरच्यांनी ते आपल्यापासून लपवलं. शेवटी अण्णा डोकं बाहेर काढून म्हणायचे, की जमिनीवर सगळ्याच बोटी गुणाच्या असतात, खरं काय ते पाण्यात कळेल. आणि समुद्र खवळवणारा नैऋत्येचा वारा सुटणार असेल असा शनिवार ठरवून टाकायचे.

शनिवारी ते यायचे ते गळाच्या दोन काठ्या, आमिषाच्या तारल्या आणि जेवणाचा डबा घेऊन. काठ्या कशाला, असं मालकाने विचारलं की अण्णा गंभीरपणे समजावायचे. पळताना बोट कशी वागते हे कुणालाही कळतं. इंजिनं बंद करून, लाटांना कूस देऊन ती दोन तास कशी उभी राहते, तिथे तिचा स्वभाव कळतो. आता दोन तास नुसतं बसायचंच, तर पाण्यात गळ सोडायला काय हरकत आहे?

बसायचे मात्र अगदी पुढे, नाळेवर, जिथे प्रत्येक लाटेचा दणका थेट कण्यात पोचतो. परत आले की वाळूवर उताणे पडून कंबर चोळत निकाल द्यायचे. एक बोट नाकाने जड होती, दोन लाटांमधल्या खळग्यात तोंड खुपसायची. दुसरी दोन बुडांची होती आणि शिंकायची, म्हणजे दोन बुडांच्या मध्ये दाबलं गेलेलं पाणी समोरून फवारा होऊन सगळ्यांच्या तोंडावर यायचं. तिसरी मागून लाट आली की ढुंगण फिरवायची. गंमत अशी की निकाल बरोबर असायचा. एका मालकाने त्यांच्या सांगण्यावरून इंधनाची टाकी हातभर मागे सरकवली आणि मग ती बोट विकायचंच रद्द केलं. बाकीचे खट्टू व्हायचे, पण चार तास बरोबर बसलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून एखादी सुरमई हातात ठेवायचे. अण्णा ती दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा घ्यायचे.

अशा बावीस बोटी झाल्या. क्लबमध्ये पैजा लागायला लागल्या. बाजारातल्या मासेवालीने एकदा अक्कांना विचारलं म्हणे, की तुमच्या घरी सगळे शाकाहारी झाले का.

तेविसावी बोट फान टेरब्लांशची. फान शेजारच्या पेनिंग्टन गावचा, मोठ्या अंगाचा, कमी बोलणारा. गुडघे गेल्यामुळे त्याला उभं राहून बोट चालवणं जमेना, म्हणून निळी, दोन बुडांची बोट विकायला काढली होती. अण्णा तिच्यावर एका महिन्यात तीनदा जाऊन आले, आणि दर वेळी जास्तच पडलेल्या चेहऱ्याने परतले. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, काय झालं. रुग्णाच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन डॉक्टर बोलतात त्या सुरात ते म्हणाले, "दोष सापडत नाही, कुमरा."

त्यांनी चौथी फेरी मागितली. फान हो म्हणाला, पण या वेळी बायकोला आण म्हणाला. अट तिची आहे असं त्याने ऐकलं होतं, तर तिनेच येऊन बघावं.

त्या शनिवारी कोगी अक्का आल्या. ठेंगण्या, पायात कॅनव्हासचे बूट, साडीवर लाइफ जॅकेट. अठ्ठावीस वर्षं त्यांनी उम्झिंटोच्या टेकड्यांवरून शाळेच्या पोरांची गाडी चालवली आहे, पावसाळ्यातल्या कच्च्या उतारांवरसुद्धा. बोटीत चढल्या त्या थेट फानच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. अण्णा सवयीप्रमाणे पुढे, सगळ्यांकडे पाठ करून बसले. पाणी राखाडी होतं आणि लाटांवर फेस दिसत होता. मी ढकललं, आणि ते गेले.

तीन तासांनी फानने बोट वाळूवर चढवली. मी ट्रॅक्टर घेऊन पोचलो तेव्हा अक्का चिंब भिजलेल्या होत्या, पण अशा खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. खाली उतरताच त्या म्हणाल्या, "अहो, ही घ्या."

अण्णांनी सुरुवात केली. ईशान्येच्या वाऱ्यात एकदा बघायला हवी. डावं इंजिन थोडं खोकतं. निळा रंग धुक्यात दिसत नाही. अक्का एकेक ऐकून घेत होत्या. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "खरं सांगा. भीती बोट उलटायची आहे, की ती चालवायची?"

अण्णा पायाने वाळू उकरायला लागले. मी ट्रॅक्टरवर चढून दुसरीकडे बघायला लागलो, पण कान तिथेच होते. मग ते हळूहळू बोलले. पहिल्याच वर्षी एका मालकाने त्यांच्या हातात स्टिअरिंग दिलं होतं. मागून लाट उठली, तशी ते स्टिअरिंग सोडून कठड्याला मिठी मारून बसले. त्या भल्या माणसाने बोट सावरली आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. "दुसरा चालवत असला की मला बोटीचं सगळं कळतं," अण्णा म्हणाले. "मी चालवायचं म्हटलं, की माझे हात माझे राहत नाहीत. आता सगळ्यांसमोर बोलून बसलोय, तर घेत नाही कसं म्हणू?"

मला वाटलं अक्का हसतील. त्या हसल्या नाहीत. पदर पिळत म्हणाल्या, "मग मला विचारायचं. मी चालवते."

"तू? तुला ते गाडीसारखं वाटतंय का?"

तेव्हा फान पहिल्यांदा तोंड उघडून बोलला. "चेट्टी, आत समुद्रात एक तास तीच चालवत होती. तू मागे न बघता मला ओरडून सांगितलंस, फान, आज तुझा हात छान बसलाय."

अण्णांनी फानकडे बघितलं, मग बायकोकडे. मग ते वाळूवर उताणे पडले, पण कंबर चोळली नाही. नुसते आभाळाकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांचं पोट हलायला लागलं, तेव्हा कळलं की हसतायत.

एकसष्टाव्या वर्षी अक्कांनी तांडेलाच्या परवान्याचा अभ्यास केला. अण्णा संध्याकाळी प्रश्न विचारायचे आणि चुकलं की त्यांनाच जास्त आनंद व्हायचा. परीक्षेत माणूस पाण्यात पडल्याची तालीम असते. परीक्षक तरंगता गोळा टाकतो आणि तो शोधून परत बोटीत घ्यायचा असतो. अक्कांनी तो पहिल्या फेरीत उचलला, आणि आत घेताघेता त्याला म्हणाल्या, "सांगितलं होतं ना खाली बस म्हणून?" परीक्षकानेच नंतर क्लबमध्ये ही गोष्ट सांगितली.

बोट घेतली. पहिल्या दिवशी अक्का लाटांच्या अलीकडे तब्बल पाऊण तास उसंतीची वाट बघत उभ्या होत्या. चार बोटी त्यांना वळसा घालून गेल्या, एकाने जाता जाता चहा पाठवू का विचारलं. अक्कांनी मान वळवली नाही. मग अण्णांनी नाळेवरून हात वर केला, अक्कांनी इंजिनं दाबली, आणि बोट लाटांमधून पलीकडे अशी गेली की अण्णांचा चष्माही भिजला नाही.

आता ते दर बुधवारी जातात. जुनी बोट घेणारे लोक अजूनही अण्णांना तपासायला बोलावतात आणि ते आनंदाने जातात, फक्त गळाच्या काठ्या न्यायला अक्कांची मनाई आहे. फानला बसायला गुडघे लागत नाहीत, म्हणून बऱ्याचदा तोही बरोबर असतो. दोघं म्हातारे पुढे बसून दणका कुणाच्या कंबरेला जास्त बसला यावर भांडतात. मग मागून अक्कांचा आवाज येतो आणि दोघं गप्प होतात. तेवढं मला किनाऱ्यावरसुद्धा ऐकू येतं.