पाट्या-वरवंट्याचे गलबत

लॉगबुक आणि रजेचे अर्ज यांखेरीज मी आयुष्यात फारसे काही लिहिलेले नाही. निवृत्तीनंतर मुक्त विद्यापीठातून इतिहासात एम.ए. केले, पण तेही इतरांच्या पुस्तकांचा आधार घेत. अशा माणसाने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी वाचकांचा वेळ घ्यावा, याचा मला संकोच वाटतो. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. जे घडले ते लॉगबुकाच्याच शिस्तीने सांगण्याचा प्रयत्न करीन, कारण दुसरी रीत मला येत नाही.

नौदलात मी एकवीस वर्षे क्लिअरन्स डायव्हर होतो. पाण्याखालचे सुरुंग शोधणे, बुडालेल्या वस्तू काढणे, जहाजांचे तळ तपासणे, हे आमचे काम. चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि काही वर्षांनी कतारमधल्या एका कंपनीत डाइव्ह सुपरवायझर म्हणून रुजू झालो. फुटबॉलच्या विश्वचषकाला तेव्हा तीन वर्षे उरली होती. दोह्यात जिकडे पाहावे तिकडे क्रेन उभ्या होत्या. आमचे काम उत्तरेला, अल खोरच्या पुढच्या किनाऱ्यावर होते. बांधकामाचे सामान आणणाऱ्या बार्जेससाठी तिथे एक नवी वाट खोल करायची होती. तळातला गाळ उपसणारा ड्रेजर येण्यापूर्वी तळ तपासून देणे ही माझ्या टीमची जबाबदारी.

टीममध्ये दोन मराठी डायव्हर होते. दामोदर मालवणचा, वय चौतीस. घरी पत्नी आणि एक मुलगी. रियाझ रत्नागिरीचा, त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. दोघे मला ‘चीफ’ म्हणत. मी त्यांना तसे म्हणायला कधी सांगितले नव्हते.

जूनमध्ये सोनार यंत्राच्या पडद्यावर बारा मीटर खोल पाण्यात एक उंचवटा दिसला. दामोदर खाली गेला. पाणी गढूळ होते, हातभरापलीकडचे दिसत नव्हते. त्याने हाताने चाचपून सांगितले की गोल दगडांचा ढीग आहे, दगडांखाली लाकूड आहे आणि लाकडाला तांब्याचा पत्रा ठोकलेला आहे. काम थांबवून मी वर कळवले. दोन दिवसांनी सरकारच्या वारसा खात्याच्या एक अधिकारी बाई बोटीवर आल्या. पत्रा, खिळे आणि मातीच्या भांड्यांचे तुकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. लाकूड सागवानी होते. गलबत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतले असावे, असे त्या म्हणाल्या. त्या काळात या आखातात किती गलबते वादळाने, खडकांनी किंवा लढायांत बुडाली याची यादी कुणाकडेच नाही. कंपन्यांच्या मोठ्या जहाजांची नोंद झाली. किनाऱ्या-किनाऱ्याने व्यापार करणाऱ्या गलबतांची झाली नाही.

तिसऱ्या दिवशी दामोदरने एक सपाट दगड वर पाठवला. स्वतः वर आल्यावर हेल्मेट काढण्याआधीच तो हातवारे करू लागला.

“चीफ, हो पाटो आसा! वरवंटो पण खाली आसा. माझ्या आवशीकडे अस्सोच आसा.”

“सगळ्या दगडांत तुला तुझी आईच दिसते,” रियाझ म्हणाला.

“मेल्या, तुका काय कळता? तू हॉटेलातला खाऊन वाढलंस.”

दगडावर टाकीच्या खाचा अजून शाबूत होत्या. मधला भाग वाटून वाटून खोलगट झाला होता. एका पाट्यावरून खलाशी कुठले होते हे ठरवता येत नाही, असे अधिकारी बाईंनी स्पष्ट केले. ते बरोबरच होते. तरीही त्या दिवसापासून आम्ही तिघे त्याला ‘आपले गलबत’ म्हणू लागलो.

मग ऑगस्टच्या सुरुवातीला हाड सापडले. माणसाच्या पायाचे, दगडांखाली आडवे. अधिकारी बाईंनी अवशेष काढण्यासाठी एक आठवडा मागितला. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर बर्वे साहेब पुण्याचे, तोलून-मापून बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले.

“ड्रेजर गुरुवारी येतोय. मी थांबवू शकत नाही. स्पर्धेची तारीख काही आपल्यासाठी हलणार नाही.”

“साहेब, एक दिवस द्या. बुधवार. माणसांची हाडं आहेत ती.”

“दोनशे वर्षांपूर्वीची.”

“हो, साहेब.”

त्यांनी समोरच्या कॅलेंडरवर बुधवारला खूण केली. “एक दिवस. संध्याकाळी चारला खलास.”

तो दिवस मी मागून घेतला होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे अशी विनंती आहे.

बुधवारी ०५१० वाजता ब्रीफिंग झाले. ऑगस्ट महिना. दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असल्यामुळे जे काही करायचे ते अकराच्या आत करायचे होते. दामोदर डायव्हर वन, म्हणजे खाली सक्शनच्या नळीने वाळू ओढून हाडे मोकळी करणारा; रियाझ स्टँडबाय. स्टँडबायचे काम वाट पाहण्याचे. खाली काही बिघडले तर एका मिनिटात पाण्यात उतरता यावे, म्हणून तो पूर्ण पोशाखात, हार्नेस आणि राखीव हवेची बाटली चढवून, हेल्मेट मांडीवर घेऊन डेकवर बसतो. पाण्यातला माणूस वर येईपर्यंत त्याने एक पट्टाही सैल करायचा नसतो. नौदलात हा नियम मी शेकडो मुलांना शिकवला होता.

पहिल्या दोन डाइव्ह व्यवस्थित पार पडल्या. मधल्या विश्रांतीत दामोदर खजूर खात बसला आणि त्याने रियाझकडे पाहिले.

“काय रे, इडली झालंस काय शिजान?”

“दामूदा, खाली जा बाबा. तू वर आलास की उकाडा वाढतो.”

०८५० वाजता दामोदर तिसऱ्यांदा उतरला. रियाझ पहाटे साडेपाचपासून पोशाखात होता. त्याच्या चेहऱ्यावरचा घाम थांबला होता आणि ओठ पांढरे पडले होते. नऊ वाजता त्याने मला विचारले नाही, मीच म्हणालो.

“हार्नेस उतरव. केबिनमध्ये जा, डोक्यावर पाणी घे. दहा मिनिटं.”

“पण चीफ, दामूदा खाली...”

“मी आहे ना. जा.”

उष्माघाताने कोसळलेला स्टँडबाय कामाचा नसतो. हे खरे आहे. अशा वेळी खालच्या माणसाला आधी वर घ्यायचे असते, हेही तितकेच खरे आहे. मी त्याला वर घेतले नाही, कारण हाती असलेले दोन तास मला वाया घालवायचे नव्हते.

०९०८. कानाशी दामोदरचा आवाज आला. खालून बोलताना डेकवरच्या मला ‘टॉपसाइड’ म्हणायचे असते.

“टॉपसाइड, डायव्हर वन. चीफ, हयसर दोन जण आसत.”

“रिपीट.”

“दोन डोकी आसत. एकमेकांक लागून. वरसून मोठो दगड आसा.”

“दगडाला हात लावू नकोस. सक्शन बंद. ऑल स्टॉप.”

“ऑल स्टॉप. ह्यो एक मागे सरकवतंय, तो डुगडुगता...”

त्यानंतर स्पीकरमध्ये असा आवाज आला, जणू कुणी पोतेभर नारळ जिन्यावरून सोडले. ०९१०.

“डायव्हर वन, टॉपसाइड. ओके आहेस?”

उत्तर नाही. पॅनेलवर काटा हलला. त्याची हवेची नळी कुठेतरी दाबली गेली होती.

“दामोदर, बेलआउटवर जा. बेलआउट.”

“बेलआउटवर आसंय.” आवाज शांत होता. “माझो पाय अडाकलो. दगड खाली इलो, चीफ.”

पाठीवरच्या राखीव बाटलीला बेलआउट म्हणतात. तेवढ्या खोल पाण्यात, शांत श्वास घेतला तर ती चौदा मिनिटे पुरते. अडकलेला माणूस शांत श्वास घेत नाही. मी दहा मिनिटे धरली.

“स्टँडबाय! रियाझ!”

तो केबिनमधून ओल्या डोक्याने धावत आला. सूट कमरेपर्यंत उतरलेला होता आणि घामाने चिकटलेल्या बाह्या वर येईनात.

“सूटचं सोड. हार्नेस.”

डेकवरून डायव्हरची नळी सांभाळणाऱ्या टेंडरने हार्नेस पुढे केला. एक पट्टा पिळला गेला होता, तो पुन्हा काढून घालावा लागला. बाटली. नळीची जोडणी. हेल्मेट. हवा तपासणी. यातली एकही पायरी गाळता येत नाही. गाळली तर दुसरा माणूसही जातो. मी घड्याळ पाहत होतो आणि कानाशी दामोदरचा श्वास ऐकत होतो.

“दामोदर, रियाझ येतोय. श्वास हळू घे.”

“घेतंय.”

“किती दगड आहेत पायावर?”

“मोजूक येणा नाय. चीफ, रियाझ खय?”

“येतोय.”

०९१५ वाजता रियाझ पाण्यात उतरला. तयार बसला असता तर ०९११ ला उतरला असता. ०९१७ वाजता तो दामोदरपर्यंत पोचला आणि दगड काढू लागला. दामोदरचा श्वास आता जलद झाला होता. अधूनमधून तो काहीतरी म्हणत होता, त्यातले मला मुलीचे नाव कळले. ०९१९ वाजता स्पीकरमध्ये रियाझ ओरडत होता, “दामूदा, निघतोय, निघतोय!” ०९२० वाजता दामोदरच्या बाजूचा आवाज थांबला.

०९२२ वाजता पाय मोकळा झाला. ०९२४ वाजता आम्ही त्याला डेकवर घेतले. मी स्वतः छाती दाबत राहिलो. हेलिकॉप्टर आले. दहा वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरने माझा हात धरून बाजूला केला.

दोन मिनिटे कमी पडली. चार मी घालवली होती.

लॉगबुकात मी लिहिले: ‘स्टँडबाय डायव्हर सज्ज नव्हता. परवानगी सुपरवायझरची.’ खाली सही केली. बर्वे साहेबांनी ते वाचले, चष्मा काढला आणि पुन्हा घातला. म्हणाले, “तुम्हाला हे असंच ठेवायचंय?” मी म्हणालो, “हो.” त्यांनी ते तसेच पुढे पाठवले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. चौकशी झाली. माझा करार संपवण्यात आला आणि ते योग्यच होते. कंपनीने दामोदरच्या घरी पाठवलेल्या पत्रात मात्र कारण एका ओळीत होते: पाण्याखाली दगड कोसळून अपघाती मृत्यू.

शवपेटीबरोबर मी मालवणला गेलो. दामोदरच्या आईने मला पाणी दिले. त्याच्या पत्नीला मी वहिनी म्हणत असे. त्या मला बाजूला घेऊन गेल्या आणि त्यांनी एकच विचारले.

“चीफ, त्यांका तरास झालो? की लगेच गेले?”

“लगेच, वहिनी.”

“देवान तेवढा तरी केल्यान,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आयुष्यात मी दिलेला तो एकमेव खोटा रिपोर्ट.

ड्रेजर त्या गुरुवारी आला नाही. वाट साठ मीटर बाजूने नेण्यात आली. तारीख हलली नाही, पण वाट हलली. आधी कुणी तसे सुचवले नव्हते, मीही नाही. गलबत आहे तिथेच आहे. रियाझने डायव्हिंग सोडले. आता तो कतारमध्येच, उम्म सलाल मोहम्मदला राहतो आणि कंपनीची बस चालवतो. दर ऑगस्टमध्ये त्याचा फोन येतो. “चीफ, मी केबिनमध्ये जायला नको होतं,” असे तो दरवेळी म्हणतो. “परवानगी माझी होती,” असे मी दरवेळी सांगतो. त्याच्या मनाला ते पटत नाही.

खाली राहिलेल्या त्या दोघांची नावे मला कधी कळणार नाहीत. ते कोकणातले होते, कच्छचे होते की आणखी कुठले, हेही नाही. एका दगडाखाली दोन डोकी एकमेकांना लागून होती, म्हणजे शेवटी ते एकत्र होते, इतकेच दामोदरमुळे कळले. कुठल्यातरी बंदरावर त्यांची वाट पाहिली गेली असेल. किती वर्षे, हे मी एम.ए.च्या कुठल्याच पुस्तकात वाचले नाही. गलबत का बुडाले आणि माणसे कशी गेली, हे सांगायला त्यांच्या दारात कुणी गेले नसेल, कारण जाणारा कुणी उरलाच नसेल.

मी उरलो आहे. दामोदरची मुलगी यंदा दहावीला आहे. वहिनी अजून त्याच घरात राहतात आणि दिवाळीला मला फराळ पाठवतात.

हे लिखाण छापायला देण्यापूर्वी मी मालवणला जाऊन वहिनींना ती चार मिनिटे सांगावीत का?