एसीच्या केबिनमधला हिवाळा

१३ सप्टेंबर २०२२, मंगळवार, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या हॉलमध्ये माझी मोठी बॅग वजनकाट्याला टांगलेली होती. काटा सव्वीस किलो दाखवत होता आणि परवानगी तेवीसची होती. आईने एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. आधी थालीपिठाची भाजणी गेली, मग गोडा मसाला, मग मेतकूट. बाबांनी आणलेल्या खोक्याला मात्र हात लावायची कोणालाही मुभा नव्हती. त्यात खोली गरम करण्याचा विजेचा हीटर होता, दोन हजार वॅटचा, खोक्यासकट चार किलोंचा.

आई म्हणाली की तिकडे हीटर मिळत नाहीत असं थोडंच आहे. बाबांनी बॅगेची चेन ओढता ओढता उत्तर दिलं, "मिळतात. पण ते वीज खातात. हा निम्मी खातो."

बाबांनी तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात गिझर आणि इस्त्रीच्या कॉइल गुंडाळल्या. निवृत्तीनंतर कारखान्याचे मालक आणि त्यांचे जुने मित्र प्रभाकरशेठ यांनी त्यांना पुन्हा बोलावलं, कारण त्यांना आता उत्तरेतल्या थंड गावांसाठी हीटर करायचे होते. माझ्या बॅगेतला हीटर हा त्या मालिकेतला पहिला, बाबांच्या हातचा. शिळफाट्याच्या कोंडीत गाडी अडकली तेव्हाही ते मला थर्मोस्टॅट कसा लावायचा हेच सांगत होते. विमानतळावर निरोप देताना शेवटचं वाक्य काय, तर "प्लग तिकडचा लाव, पण अर्थिंगची वायर विसरू नकोस."

हे मी दोघांसाठी लिहिते आहे: जे मागे राहिले त्यांच्यासाठी आणि जे माझ्यासारखे निघाले त्यांच्यासाठी. मागे राहिलेल्यांना वाटतं की आम्ही तिकडे सुखात आहोत. निघालेल्यांना ठाऊक असतं की सुखाला तिथे दर युनिटमागे भाव असतो.

मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. ऊर्जा अभियांत्रिकीत पुढचं शिक्षण घेण्यासाठी ॲबरडीनला गेले आणि आता तिथेच इमारतींच्या ऊर्जावापराची तपासणी करण्याची नोकरी करते. माझी खोली एका दगडी घराच्या माळ्यावर आहे. छप्पर उतरतं, भिंतींना आतून अस्तर नाही, खिडकीच्या चौकटीतून वारा येतो. बाबांचा हीटर मी पहिल्या ऑक्टोबरमध्ये लावला. तो उत्तम चालला, यात वाद नाही. आवाज नाही, वास नाही, कॉइल एकसारखी लाल. पहिलं बिल आलं तेव्हा मात्र मी ते तीनदा वाचलं. वीज निम्मी वगैरे काही लागलेली नव्हती. दोन किलोवॅटचा हीटर तासाला जेवढी घेईल तेवढीच, म्हणजे दोन युनिट, त्याने घेतली होती. डोंबिवलीत युनिटला दहा रुपयांच्या आसपास पडतात. तिथे तीस पेन्सच्या आसपास, म्हणजे तिप्पट.

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं, कारण हे मला कळायला हवं तेवढं कळत होतं. कॉइलचा कुठलाही हीटर घेतलेल्या सगळ्या विजेची उष्णता करतो. वाया जायला दुसरी वाटच नाही. त्यामुळे सिरॅमिक असो, तेलाचा असो, पंख्याचा असो, एका युनिटातून सगळ्यांना सारखीच उष्णता मिळते. तिथल्या दारातही आठवड्याला एक पत्रक पडतं: नवं तंत्र, मिनिटांत उबदार खोली, बिल कमी. मी ती पत्रकं रागाने फाडत असे. ॲबरडीनच्या भामट्यांवर रागावणं सोपं होतं. माझ्या वडिलांनी हाच दावा इतक्या प्रामाणिक चेहऱ्याने कसा केला, हे कोडं मात्र सुटत नव्हतं.

फोनवर मी दोनदा विषय काढला. पहिल्यांदा बाबा म्हणाले, तुमच्याकडचं व्होल्टेज जास्त असेल. दुसऱ्यांदा म्हणाले, तू खिडकी उघडी ठेवत असशील. तिसऱ्यांदा मी विषय काढला नाही आणि हीटर कमी वेळ लावायला लागले. कोट घालून अभ्यास होतो. हातमोजे घालून टाइप करता येत नाही, पण बोटं कापलेल्या हातमोज्यांनी येतं. व्हिडिओ कॉलच्या आधी कोट काढून खुर्चीवर टाकायचा, एवढं केलं की डोंबिवलीत सगळे निश्चिंत.

गेल्या डिसेंबरात सुट्टीवर येण्याच्या आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर एक चित्र आलं. नव्या खोक्याचा नमुना होता तो. वर ठळक अक्षरांत "वीजबिल निम्मे", खाली माझा पदवीदान समारंभातला फोटो आणि त्याखाली "ऋचा यांनी यू.के. येथे वापरून प्रमाणित केलेले". कुटुंबाच्या ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागली. नाशिकच्या मावशीने दोन हीटर बुक केले. मी विमानात बसेपर्यंत एक अक्षर लिहिलं नाही. माझा व्यवसाय म्हणजे माझी सही आहे. खोट्या दाव्याखाली माझं नाव छापून आलं, तर उद्या माझ्या कुठल्याच अहवालावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच ठरेल. नाव मागे घ्यायचं तर ते वडिलांच्या हातून घ्यायचं होतं. छपाई सुरू व्हायला दहाएक दिवस होते.

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वागळे इस्टेटला गेले. प्रभाकरशेठांनी चहा मागवला, समोसे मागवले आणि मला "मॅडम" म्हणायला सुरुवात केली. लहानपणी ते मला "ए चिंगळे" म्हणत. निम्म्याचा आकडा आला कुठून, असं मी विचारलं. त्यावर बाबा उत्साहाने उठले आणि त्यांनी मला चाचणी दाखवली. तेव्हा कोडं सुटलं.

ठाण्यात हिवाळा नसतो. मग हीटर तपासायचा कुठे? या दोघांनी तो प्रभाकरशेठांच्या केबिनमध्ये तपासला होता. केबिन आठ बाय दहा. एसी अठरावर लावायचा, दार बंद करायचं, थंडी झाली असं समजायचं आणि हीटर चालू करायचा. एक दिवस जुना, तेवढ्याच वॅटचा पण थर्मोस्टॅट नसलेला हीटर, दुसऱ्या दिवशी बाबांचा नवा. जुना अखंड चालला. नव्याने पाच मिनिटांत केबिन गरम केली, थर्मोस्टॅटने तो बंद केला, मग चालू, मग बंद. तासाभराने मीटर पाहिला तर नव्याने खरोखरच निम्मी वीज घेतलेली. बाबांनी ही चाचणी एकदा नव्हे, पंधरा वेळा केली होती. आकडे खरे होते. हिवाळा तेवढा खोटा होता.

मी समजावलं. हीटर वीज वाचवत नाही, खोली गरम झाली म्हणून थांबतो. माझ्या माळ्यावर खोली कधीच गरम होत नाही, म्हणून तो थांबतही नाही. प्रभाकरशेठ शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमची खोली खराब आहे, त्याला आमचा हीटर काय करणार?" बाबा हसले. त्या हसण्याने मला जितका त्रास झाला तितका परदेशात कोणाच्याही बोलण्याने झालेला नाही. घरी येताना रिक्षात मी उष्णतावहनाचं समीकरण सांगत होते आणि बाबा रस्त्याकडे बघत होते. रात्री आईने मला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं की त्यांचं नाव पहिल्यांदाच कुठल्यातरी वस्तूशी जोडलं जातंय, तर जरा सांभाळून घे. मी म्हटलं, नाव माझं जोडलं जातंय. आई म्हणाली, "तेच तर म्हणतेय मी. तुझं म्हणजे त्यांचंच ना गं."

बाबांना समीकरणाने पटणार नव्हतं, चाचणीनेच पटलं असतं. त्यासाठी खरी थंडी मिळवायला हवी, एवढंच सुचलं.

थंडी कल्याणला होती. आमची सोसायटी ज्यांच्या भातशेतीवर उभी आहे ते नाना भोईर, बाबांचे रोजचे फिरायचे सोबती, बाजाराजवळ बटाट्याचं शीतगृह चालवतात. त्यांची एक खोली रिकामी होती, नवा माल येणार म्हणून आधीच गार करून ठेवलेली. नाना म्हणाले, या. रविवारी सकाळी मी आणि बाबा जुना आणि नवा असे दोन्ही हीटर, दोन मीटर आणि जाड वायरचं एक वेटोळं घेऊन रिक्षाने निघालो. वाटेत बाबा म्हणाले की हा हट्ट मी आईकडून घेतला. मी म्हटलं, मोजण्याचा हट्ट आईचा नाही. यावर त्यांनी वायरचं वेटोळं मांडीवर नीट घेतलं, पण रागावलेले वाटले नाहीत.

शीतगृहाचं दार हातभर जाड होतं. आत चार अंश. नाना स्वतः कानटोपी घालून बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी आमची यथेच्छ टर उडवली. "लोकं थंडी वाजली का हीटर लावतान. तुमी हीटर लावाला थंडी शोधताव. माझी मशीन गार करनार, तुमची गरम करनार, आनि दोघांचं बिल मीच भरनार का?"

विनोद बाजूला ठेवला तर नानांचा प्रश्न शास्त्रशुद्ध होता. त्यांचं यंत्र एक युनिट वीज घेऊन त्याच्या दुपटी-तिपटीने उष्णता खोलीबाहेर नेऊन टाकतं. तेच उलटं बसवलं, तर बाहेरची उष्णता घरात आणतं आणि बिल खरोखर निम्म्याखाली येतं. निम्म्या बिलाचा दावा खरा करणारं यंत्र त्या इमारतीत होतं, फक्त ते आमच्या खोक्यात नव्हतं. माझ्या घरमालकाला असं यंत्र बसवायला मी दोन वर्षं सांगते आहे. तो म्हणतो, बिल तर तूच भरतेस.

दोन्ही हीटर शेजारी शेजारी लावले, त्यांच्यासमोर दोन पालथे क्रेट ठेवले आणि बसलो. बाबांच्या अंगावर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर होता, कारण डोंबिवलीतल्या स्वेटरला पूर्ण बाह्या लागतच नाहीत. पाच मिनिटं झाली. थर्मोस्टॅट वीज तोडेल म्हणून ते कान देऊन ऐकत होते. दहा झाली. पंधरा. टक् असा आवाज आला नाही. दोन्ही कॉइल लाल, दोन्ही मीटर एकाच चालीने पुढे. बाबांनी पुढून हात शेकले, पण पाठ थंड पडत होती. त्यांनी पाठ शेकायला घेतली तर गुडघे गार. मी दर थोड्या वेळाने म्हणत होते, बाबा, मीटर बघा. अर्ध्या तासाला दोघांचे आकडे जवळपास सारखे होते. मी पुन्हा म्हटलं, मीटर बघा. बाबा मीटरकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"तुझ्या खोलीत असं असतं?" त्यांनी विचारलं.

"इतकं नाही. हीटर बंद असला तर आठ-नऊ अंश."

"बंद का असतो?"

मी दर सांगितला, तासाचे युनिट सांगितले, महिन्याचा हिशेब सांगितला. हे सगळं मी आधी फोनवरही सांगितलं होतं. त्यांनी ते आत्ता ऐकलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, पण आत सिग्नल नव्हता. ते दार ढकलून बाहेर गेले आणि नानांच्या शेजारी उभे राहून प्रभाकरशेठांशी बोलले. मला दारातून ऐकू येत होतं. "शेठ, ते निम्मं काढा... नाही, मीटर बरोबर आहे, मी समोर बसलो होतो... आणि पोरीचं नाव काढा. फोटोसुद्धा. नाही, ती म्हणाली म्हणून नाही. मी म्हणतोय."

मला वाटलं होतं की त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. सिद्धता मी मांडली होती आणि पटलं त्यांना भलतंच काहीतरी. थर्मोस्टॅटबद्दल बाबा आजही म्हणतात की थोडा फरक पडत असणारच. नाव निघालं, फोटो निघाला. प्रभाकरशेठांनी खोक्यावर नवी ओळ छापली: "शंभर टक्के ऊर्जा-कार्यक्षम". हे वाक्य खरं आहे. रस्त्यावरच्या सर्वांत स्वस्त हीटरबाबतही ते तितकंच खरं आहे, आणि म्हणूनच निरर्थक आहे. पण खऱ्या वाक्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. नाशिकच्या मावशीने ते वाचून तिसरा हीटर मागवला.

मी ॲबरडीनला परत आले त्याला आता काही आठवडे झाले. घर म्हणजे काय, याची व्याख्या मी पूर्वी तापमानाने केली असती: जिथे काहीही न लावता अंग गरम राहतं ती जागा. आता ती व्याख्या पुरत नाही. रोज त्यांच्या संध्याकाळी, माझ्या दुपारी, बाबांचा संदेश येतो: कालचे युनिट? मी शिकले, नोकरी धरली ती हा आकडा खाली आणण्यासाठी. तपासणीला जाते त्या प्रत्येक घरात मी आकडा उतरला की शाबासकी देते. आणि डोंबिवलीत एक माणूस बसला आहे, ज्याला तो वर गेलेला हवा आहे. परवा साडेतीन युनिट पाठवले, तर फोनच आला. मी दर सांगायला लागले, त्यांनी फोन आईकडे दिला. आईने दराचं काही ऐकलं नाही, एवढंच विचारलं, "कोट काढून दाखव बघू, आत काय घातलंयस?" माझी चिडचिड होते. बिल मला भरायचं असतं, समीकरण त्यांना अजून मान्य नाही आणि आकडा खोटा पाठवणं मला जमत नाही. तेव्हा उरतो एकच मार्ग, आणि काल तो घेतला. संध्याकाळी पाचला हीटर लावला, झोपेपर्यंत चालू ठेवला, कोट कपाटात टांगला आणि सकाळी मीटरचा फोटो काढून पाठवला: ११.४ युनिट.